नातेवाईक वगळून

माझी बायको दोनदा निवडून आली ती माझ्या मोठ्या भावाच्या पैशावर. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हाच्या कायद्याला ते चालत होतं आणि सगळ्या शहराला ते ठाऊक होतं. दादाचा गाद्यांचा कारखाना आहे. निवडणूक जवळ आली की लोक मला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय, दादा या वेळीही गादी मिळवून देणार ना?" आणि हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा थाटात हसायचे. मीही हसायचो. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हा आमच्या धंद्याचा भागच आहे.

बायको आधी शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे सगळे तिला बाई म्हणतात. दादा आणि वहिनीही बाईच म्हणतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मीसुद्धा. शाळेसमोरच्या चौकात सिग्नल हवा म्हणून तिने सरकारी कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की शेवटी पक्षाची माणसं घरी येऊन म्हणाली, त्यापेक्षा तुम्ही उभ्याच का राहत नाही. ती उभी राहिली. फलक, गाड्या, सभांचे हॉल, ध्वनिक्षेपक, सगळं दादाने केलं. कार्यकर्त्यांची जेवणं वहिनीने घातली. बाई निवडून आली, आणि पुढच्या वेळी पुन्हा आली.

सभागृहात ती फार बोलायची नाही. पण जे कागद यायचे ते सगळे वाचायची. सगळेच सदस्य वाचत असतील असा माझा समज होता. तो तिने लवकरच दूर केला.

तिच्या दुसऱ्या मुदतीत ते देणग्यांचं विधेयक आलं. विरोधी पक्षातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी ते मांडलं होतं. म्हणणं साधं होतं. कोणत्याही एका माणसाने एका उमेदवाराला साधारण महिन्याच्या पगाराइतकी देणगी द्यावी, त्याहून जास्त नाही. कंपन्यांनी अजिबात देऊ नये. आणि कोणी कोणाला किती दिले, ते आठवड्याच्या आत कोणालाही वाचता येईल असं जाहीर व्हावं. असलं विधेयक पूर्वीही येऊन गेलं होतं आणि दर वेळी समितीत जाऊन तिथेच झोपलं होतं. या वेळीही समिती नेमली गेली, आणि आमच्या पक्षाच्या नेत्यांनी तिच्यावर बाईला घेतलं.

का घेतलं, ते त्यांनी स्वतःच तिला बोलावून सांगितलं. "बाई, तुमच्या घरचंच उदाहरण आहे. दिराने भावजयीला मदत करायची नाही, हा कुठला न्याय? विधेयकाला आपण उघड विरोध करायचा नाही, लोकांना ते आवडलंय. तुम्ही फक्त नवव्या, देणगीच्या मर्यादेच्या कलमाला एक दुरुस्ती मांडा. दोन शब्द घालायचे आहेत. 'नातेवाईक वगळून.' बस."

बाई घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर विधेयक पसरून बसली. हातात लाल पेन. शाळेचे पेपर तपासायची सवय अजून गेलेली नाही. मी समोर बसून सोललेल्या शेंगांमधले खवट दाणे वेगळे करत होतो.

"दोन शब्द," ती म्हणाली. "नातेवाईक म्हणजे कोण, हे विधेयकात कुठेच लिहिलेलं नाही. चुलत, मावस, मानलेला, ज्याच्या लग्नाला गेलो तो, सगळेच. उद्या सिमेंटवाले पुढाऱ्यांचे आतेभाऊ निघतील. या दोन शब्दांतून ट्रक जाईल, ट्रक."

"मग नको मांडूस."

"आणि दादांना काय सांगू?" तिने पेन खाली ठेवलं. "त्यांच्या पैशावर दोनदा निवडून आले. आता म्हणू, तुम्ही केलंत ते चुकलं, यापुढे ते बेकायदा? त्यांना काय वाटेल?"

मी एक खवट दाणा बाजूला टाकला.

"हे बघ," ती म्हणाली, "तू त्यांना यातलं काही बोलू नकोस. मनाला लावून घेतील. काय करायचं ते माझं मी ठरवते. शब्द दे."

मी शब्द दिला.

त्याच आठवड्यात दादा माझ्या सरावाच्या मैदानावर आला. बंद पडलेल्या गोदामामागे एक मोकळी जागा आहे, तिथे मी नवशिक्यांना गाडी मागे घ्यायला शिकवतो. दादाला गाडी चालवता येत नाही, त्याचा ड्रायव्हर आहे. पण त्या दिवशी तो माझ्या उभ्या गाडीत थेट चालकाच्या जागी येऊन बसला, कारण ती सीट मागे सरकते आणि त्याचं पोट मावतं. भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले होते. कारखान्यातून निघताना तो अंग झटकतो, पण भुवया कायम विसरतो.

"ते विधेयक मंजूर होईल का रे?" त्याने विचारलं.

मला वाटलं, झालं, आता हा चिडणार. "सांगता येत नाही," मी म्हणालो.

"व्हायला पाहिजे," दादा म्हणाला.

"तू म्हणतोस हे?" मी विचारलं.

"मला नाही म्हणता येत नाही," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

मलाच काय, सगळ्या शहराला माहीत आहे. दादाच्या तोंडून फार तर 'बघू' निघतं, आणि त्याचं 'बघू' म्हणजे 'हो' हे प्रत्येक पक्षाला, क्लबला आणि वाचनालयाला पाठ आहे.

"तुझी वहिनी म्हणाली म्हणून आरशासमोर उभा राहून सराव केला," दादा सांगत होता. "आरशाला नाही म्हणता येतं. पण जिवंत माणूस समोर येऊन बसला, हातात चहाचा कप घेतला, मुलांची चौकशी केली, की माझी जीभच वळत नाही. आणि एक जण येतो का? एक उठला की दुसरा बसतो. खुर्ची गरमच असते." तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होता, जणू खरंच गाडी चालवतोय. "कायदाच असला तर किती सोपं होईल. मी म्हणेन, अहो, माझी फार इच्छा आहे, पण कायदा आडवा येतो. चहा घ्या." नुसत्या कल्पनेनेच त्याचा चेहरा उजळला.

"मग हे बाईला सांग ना."

"वेडा आहेस का? तिला वाटेल, दिलेलं काढून दाखवतोय. तिचं मला कधी ओझं वाटलं नाही. बाकीच्यांचं वाटतं. पण हे वेगळं करून तिला सांगणार कसं? ती मनाला लावून घेईल." त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "तू तिला काही बोलू नकोस. शपथ घे."

मी शपथ घेतली.

माझं आयुष्य नवशिक्यांच्या शेजारी बसण्यात गेलंय. दोन गाड्या एकमेकींना वाट देत देत एकाच बाजूला वळतायत, आणि ते फक्त मला दिसतंय, अशी वेळ काही नवी नव्हती. पण गाडीत निदान माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. इथे तोही नव्हता.

रविवारी आम्ही दादाकडे जेवायला गेलो. ते जेवण मी विसरणार नाही. भात वाढून होतो न होतो तोच दादा घसा साफ करून म्हणाला, "बाई, ऐकलं, नातेवाइकांना सूट मिळायची दुरुस्ती येतेय म्हणे. चांगलंय. घरच्या माणसाने घरच्यासाठी करायचं नाही तर कोणी करायचं?"

"हो ना," बाई म्हणाली. "मीच मांडणार आहे ती. मला तर फारच योग्य वाटते."

"अगदी योग्य," दादा म्हणाला आणि त्याने आणखी भात घेतला. तो फार दुःखात असला की भात घेतो.

"तुमचं सहकार्य असंच राहू द्या," बाई म्हणाली. घरात असं कोणी बोलत नाही. वहिनीने चमचा खाली ठेवून आधी तिच्याकडे, मग दादाकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मी पाणी पिऊ लागलो, आणि पेला रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसलो.

जेवणानंतर स्वयंपाकघरात मी ताटं पुसत होतो. वहिनीने दार लोटून घेतलं. "भाऊजी, काय गिळून बसलाय?"

"सांगता येत नाही. शपथ आहे."

"कोणाची?"

"दोघांची."

"मग कळलंच मला," वहिनी म्हणाली. "यांची आरशासमोरची नाटकं मीच बघते. बाईचं आज कळलं. तिला एखादी गोष्ट पटली नाही की ती तिची अशीच स्तुती करते. माझ्या पडद्यांचीही करते."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ताट मात्र इतकं पुसलं की त्यात तोंड दिसायला लागलं.

"तुम्ही शब्दाला जागा," वहिनी म्हणाली. "माझ्याकडून कोणी शब्द घेतलेला नाही."

समितीने पेपरात निवेदन दिलं होतं. देणग्या देणाऱ्यांपैकी कोणाला आपलं म्हणणं मांडायचं असेल, किंवा कोणाचं म्हणणं ऐकावं असं कोणाला वाटत असेल, तर कळवावं. वहिनीने दुसऱ्या दिवशी दादाचं नाव कळवून टाकलं. चार दिवसांनी समितीच्या कचेरीतून दादाला फोन आला. साक्षीला याल का? आता फोनवरच्या मुलीला नाही कसं म्हणणार? दादा म्हणाला, "बघू."

साक्षीदारांच्या यादीत बाईला दादाचं नाव दिसलं. तिने आधी समितीच्या अध्यक्षांना जाऊन सांगितलं, की हे माझे थोरले दीर आहेत, मी त्या दिवशी बाजूला बसते. अध्यक्ष वयस्कर होते, कानाला यंत्र लावायचे, आणि एखाद्याचं भाषण लांबलं की ते यंत्र खुशाल बंद करायचे. ते म्हणाले, "बाई, ते तुमचे दीर आहेत हे सगळ्या सभागृहाला माहीत आहे. उघड असलेल्या गोष्टीची अडचण नसते. बसा."

सुनावणीच्या दिवशी मी स्कूल बंद ठेवून वहिनीबरोबर गेलो. दालन मोठं होतं पण हवा कोंदलेली. घोड्याच्या नालेसारखं वळलेलं टेबल, प्रत्येक सदस्यापुढे पाण्याचा तांब्या आणि लाल दिव्याचा माइक, आणि मधोमध साक्षीदाराची एकटी खुर्ची. लोकांच्या रांगांमध्ये शेवटच्या ओळीत आमच्या पक्षाचे नेते पाय पसरून बसले होते. दादाने कोट घातला होता. वहिनीने दारातच त्याच्या भुवया रुमालाने पुसल्या.

खरं बोलण्याची शपथ झाली. विधेयक मांडणाऱ्या डॉक्टरांनी सुरुवात केली. दुखऱ्या दाताच्या माणसाशी बोलावं तसे ते हळू, गोड आवाजात बोलायचे.

"आपण देणग्या कधीपासून देता?"

"कारखाना काढल्यापासून."

"कोणत्या पक्षाला?"

दादाला प्रश्नच कळला नाही. "कोणत्या म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या एका पक्षाला?"

"एकालाच कसं देणार?" दादा म्हणाला. "बाकीच्यांना काय वाटेल?"

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. "मागच्या निवडणुकीत बाईंच्या विरोधात पोहण्याचे कोच उभे होते. त्यांनाही दिलेत?"

दादाने बाईकडे बघितलं, मग वहिनीकडे, मग तांब्याकडे. शपथ घेऊन बसला होता, पळायला जागा नव्हती.

"दिले," तो म्हणाला. "बाईंइतकेच. कमी दिले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं."

मला एकदम सगळं आठवलं. मागच्या निवडणुकीत आम्ही डोकं खाजवायचो, की या कोचकडे पैसा येतो कुठून. आम्ही चौकात फलक लावला की समोर त्याचा, तेवढाच मोठा. आमच्या दोन गाड्या फिरल्या की त्याच्याही दोन. पक्षाच्या बैठकीत यावर तासन्‌तास चर्चा झाली होती, परदेशी पैसा असेल असंही कोणीतरी म्हणालं होतं, आणि त्या बैठकीला चहा दादाकडून आला होता.

मी बाईकडे बघायचं धाडस केलं. ती लालबुंद झाली होती. मग तिने समोरची फाइल उचलून तोंडासमोर धरली. फाइल हलत होती. तिला हसू आवरत नव्हतं.

डॉक्टरांनी मात्र विषय सोडला नाही. "आणि या सगळ्याच्या बदल्यात आपल्याला काय मिळालं?"

"कॅलेंडरं," दादा म्हणाला. लोक पुन्हा हसले. पण दादा हसला नाही, आणि बोलायचा थांबलाही नाही. "मी कधी काही मागितलं नाही. पण एकदा आमच्या कारखान्यामागच्या रस्त्याला नवे दिवे लागले. त्या रस्त्याने संध्याकाळी कोणी जात नाही. हॉस्पिटलच्या रस्त्याला ते दिवे पुढच्या वर्षी लागले. मी मागितले नव्हते. कोणाला तरी वाटलं असेल, याला बरं वाटेल. मला बरं नाही वाटलं. मी तिथून जातो तेव्हा खाली बघून जातो."

अध्यक्षांनी कानाचं यंत्र नीट बसवलं.

सदस्यांची पाळी फिरत फिरत बाईवर आली. तिने माइकचा दिवा लावला. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "साक्षीदारांनी सांगावं. नवव्या कलमाला एक दुरुस्ती सुचवली गेली आहे. 'नातेवाईक वगळून.' म्हणजे नात्यातल्या माणसाला मर्यादा नाही. ही सूट असावी, असं तुम्हाला वाटतं का?"

"बघू," दादा सवयीने म्हणाला.

"साक्षीदाराने हो किंवा नाही म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

दादा पेलाभर पाणी प्यायला. वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.

"नाही," दादा म्हणाला.

"मोठ्याने," अध्यक्ष कानामागे हात नेत म्हणाले.

"नाही," दादा म्हणाला, आणि तो इतक्या जोरात म्हणाला की माइकने शिट्टी मारली. स्वतःच्या आवाजाने तो जरा दचकला. मग एकदम मोकळा झाल्यासारखा बाईकडे वळून बोलू लागला. "बाई, रागावू नकोस. तुला दिलं त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण ते दोन शब्द ठेवलेस तर उद्या सगळं शहर माझं नातेवाईक होऊन येईल. आणि नातेवाइकाला तर मला मुळीच नाही म्हणता येत नाही."

"साक्षीदारांनी अध्यक्षांना उद्देशून बोलावं," बाई म्हणाली, पण तिचा आवाज पार विरघळला होता. तिने फाइल मिटली. "अध्यक्ष महाराज, ही दुरुस्ती मी मांडणार होते. मी ती मांडत नाही."

बाहेर व्हरांड्यात ती तरातरा दादाच्या समोर येऊन उभी राहिली. "कोचला माझ्याइतकेच?"

"जेवणं धरली नाहीत त्यात," दादा घाईघाईने म्हणाला. "जेवणं फक्त तुला."

ती हसायला लागली, मग दादाही हसायला लागला, आणि दोघं इतकी हसली की पहारेकऱ्याने येऊन शांत राहायला सांगितलं. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुला हे सगळं माहीत होतं?"

"निम्मं."

"कोणतं निम्मं?"

"तुझं निम्मं आणि त्याचं निम्मं. कोचचं नव्हतं माहीत."

"भाऊजींना काही बोलू नकोस," वहिनी तिला म्हणाली. "केलं ते मी केलं."

पक्षाचे नेते आमच्या शेजारून गेले. जाताना बाईला म्हणाले, "घरचा खांब स्वतःच्या हाताने कापलात. पुढच्या वेळी उभ्या कशा राहता ते बघू." त्यांचं 'बघू' दादासारखं नव्हतं. उमेदवारी जाईल हे बाईला दिसत होतं, आणि तिला तिचं काम मनापासून आवडतं, म्हणून तिला वाईटही वाटत होतं. तरी नवव्या कलमाबद्दल तिने पुन्हा विचार केला नाही.

पण पुढे जे झालं ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. दादाची साक्ष सगळ्या पेपरांत आली, आणि तिचा परिणाम मतदारांच्या आधी देणगीदारांवर झाला. आधी टाइल्सवाल्यांचं समितीला पत्र आलं, की आम्हालाही असंच वाटतं. मग खासगी शिकवण्या घेणाऱ्यांचं. मग बसमालकांच्या संघटनेने लिहिलं, की आमच्या बस सगळे पक्ष फुकट नेतात आणि परत करताना सीटा फाडून देतात. शेवटी स्वतः सिमेंटवाल्यांनी आमच्या नेत्यांना फोन केला म्हणे, "साहेब, होऊ द्या ना हा कायदा." ते खरं असावं, कारण आठवड्याच्या आत नेत्यांनी जाहीर केलं, की आमच्या सदस्यांनी आपापल्या मनाप्रमाणे मत द्यावं, आणि या सुधारणेची कल्पना मुळात आमच्याच पक्षाची होती.

कायदा जसा लिहिला होता तसा मात्र मंजूर झाला नाही. देणगीची मर्यादा दुप्पट झाली. कंपन्यांची बंदी एक वर्षाने लागू करायचं ठरलं. हिशेब तपासायला जी कचेरी नेमायची, तिला माणसं इतकी कमी दिली की बाई आणि डॉक्टर दोघंही सभागृहात तावातावाने बोलले. मतदान झालं, थोड्या मतांनी का होईना, विधेयक पास झालं. नवव्या कलमात नातेवाइकांना सूट नव्हती. त्या संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे जेवायला आले, आणि त्यांनी माझ्या अक्कलदाढेकडे फुकट बघून दिलं.

बाईची उमेदवारी गेली नाही. ती आता लोकांना इतकी माहीत झाली होती की नेत्यांना तिला वगळणं परवडेना.

ती निवडणूक आम्ही कशी लढलो, ते सांगण्यासारखं आहे. पैसे लहान लहान हातांनी आले. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दिले, परिचारिकांनी दिले, एका न्हाव्याने दिले. दादाने कायद्यात बसतील तेवढे दिले आणि त्याचं नाव जाहीर यादीत सगळ्यांसारखंच आलं, त्या न्हाव्याच्या खाली. ती यादी तो फोनवर काढून लोकांना दाखवायचा. प्रचाराला माझी स्कूलची गाडी होती, वर 'शिकाऊ' असा मोठा फलक लावलेली. फलक काढू म्हटलं तर बाई म्हणाली, राहू दे, खरंच आहे ते. गाडीचं भाडं मात्र तिने बाजारभावाने हिशेबात धरायला लावलं, आणि मी तिला सवलत देऊ केली तर माझ्यावरच डोळे वटारले. "सवलत म्हणजे देणगी," ती म्हणाली. "तू तुझी मर्यादा आधीच संपवली आहेस."

दादाला आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तो स्वतःच आला. चालून चालून त्याच्या पायाला फोड आले. कितीतरी वर्षं त्याने निवडणुका कारखान्याच्या खुर्चीत बसून बघितल्या होत्या. मतदाराच्या घरात तो कधी गेला नव्हता. आता तो घरात गेला की बाहेर यायचं नाव काढायचा नाही. लोक त्याला आत नेऊन गादी दाखवायचे. मधोमध खड्डा पडलाय, स्प्रिंग टोचते, कडेची शिलाई सुटली. तो खाली बसून गादीला हात लावायचा, उलटी करायला सांगायचा, डोक्याची बाजू पायाकडे फिरवायला सांगायचा. एकदा तर तो म्हणाला, उद्या माणूस पाठवून नवीन देतो. बाईने त्याला दंड धरून बाहेर काढलं. "दादा, मतदाराला गादी? आपल्या दोघांना तुरुंगात नेतील."

एका दुपारी अरुंद गल्लीत आमची आणि कोचची गाठ पडली. तोही पायी होता, गळ्यात शिट्टी, बरोबर त्याचे पोहणारे विद्यार्थी. फलक त्याच्याकडेही मोजकेच होते. त्याने दादाला नमस्कार केला आणि हसत विचारलं, "काय दादा, या वेळी आमच्याकडे काहीच नाही?"

कायद्याने दादाला कोचलाही देता आलं असतं. मला वाटलं, आता हा 'बघू' म्हणणार. दादाने घाम पुसला.

"नाही," तो म्हणाला. "या वेळी मी बाईचा आहे."

"मला मागच्या वेळीच तसं वाटलं होतं," कोच म्हणाला. "चेक देताना तुमचा हात जड होता." दोघांनी हात मिळवले, आणि कोचने पुढच्या घरी कुत्रा आहे, सांभाळून जा, असं आम्हाला सांगितलं.

बाई निवडून आली. फरक मागच्यापेक्षा कमी होता. पण मोजणी संपल्यावर तिचा चेहरा मागच्या दोन्ही वेळांपेक्षा खुलला होता. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. फोटो बघून कोणीही सांगेल.

निकालानंतर काही दिवसांनी आम्ही तिच्या प्रचार कचेरीतल्या भाड्याच्या खुर्च्या रचत होतो. दादा पाय पाण्यात सोडून बसला होता. दारात एक अनोळखी स्त्री येऊन उभी राहिली, अंगावर बसचालकाचा गणवेश. शेजारच्या भागातून पुढच्या वेळी उभं राहायचा विचार आहे, म्हणाली. आधी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं, कारण घरात कोणाचा कारखाना नाही. पण आता जमेल असं वाटतंय. खरंच जमतं का, तेवढंच विचारायला आले.

बाईने रचलेल्यातली एक खुर्ची काढून तिच्यापुढे ठेवली. "बसा," ती म्हणाली. "पैशांचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या भागातल्या लोकांची तक्रार काय आहे?"

ती बसली आणि सांगायला लागली. सुरुवात बसथांब्यांपासून झाली. दादाने पाय पुसून आपलीही खुर्ची जवळ ओढली. आमचा दुपारचा चहा झाला, खुर्च्या न्यायला टेम्पो आला, टेम्पोवाला दारात उभा राहून ऐकायला लागला, तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.